घरी पाठवले म्हणजे आशा सोडली, असे नव्हे

"म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यातून लवकर घरी पाठवले, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले," हा समज सांगली-मिरजेकडे उपचारांसाठी येणाऱ्या तासगाव, जतकडच्या कुटुंबांत जुना आहे आणि तो काळजीपोटीच रुजलेला आहे. पूर्वी शेवटच्या घटकेला माणसाला घरी नेत असत, हेही त्यामागे असावे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. उदाहरणार्थ, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रकृती स्थिर झाली, की पुढचे काम चालण्याच्या सरावाचे, आहाराचे आणि वेळेवर औषधांचे असते व ते घरी होऊ शकते. रुग्णालयात मुक्काम लांबला, तर तिथल्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय अनोळखी खोलीत वृद्धांना रात्री भ्रम होण्याचा संभव असतो, तर घरी स्वयंपाकघरातला ओळखीचा आवाजही त्यांना भानावर ठेवायला मदत करतो. अर्थात अतिदक्षतेची गरज असताना घर हा पर्याय नव्हे.

पडताळणी डिस्चार्ज कार्डावरून करावी. त्यावर पुढील तपासणीची तारीख, औषधांचे वेळापत्रक आणि व्यायामाच्या सूचना असतील, तर उपचार चालू आहेत. आशा नसल्याने घरी नेण्याचा सल्ला असेल, तर डॉक्टर सहसा तसे स्पष्ट सांगतात. शंका असल्यास सरळ विचारावे.

घरी मात्र सततच्या दाबाने त्वचेवर जखमा (बेडसोअर) होऊ नयेत, म्हणून अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाडाजवळ त्वचेवर लाली दिसली, तर ती बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावर ती फिकी पडत नसेल, तर त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवावे.