तळवारापासून हुटरपर्यंत: सीमाभागातल्या राखणीच्या कायद्यांची पार्श्वभूमी

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पतसंस्थेचा हुटर, म्हणजे चोरीचा इशारा देणारा भोंगा, रात्री दोनला वाजायला लागला. अर्धा तास वाजत होता. लोक खिडक्या उघडून बघत होते, खाली कुणी उतरलं नाही. मॅनेजरला फोन जायला हवा होता, तोही गेला नाही, कारण यंत्रातल्या सिमचा रिचार्ज संपला होता. सुदैवाने चोरी नव्हती, शटरच्या सेन्सरमध्ये पाणी गेलं होतं. पण हे यंत्र बसवणाऱ्याला कायदा काही विचारतो का, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे.

आपल्याकडे राखण म्हणजे आधी माणूस. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात तळवार आणि वालीकार ही गावकीची कामं होती. रात्रीची गस्त, परक्या माणसावर नजर, चोराचा माग, हे सगळं त्यांच्याकडे. शेतसनदी जमीन कसायचा आणि तिच्या बदल्यात चाकरी करायचा. इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा शेतसनदीच होता. इंग्रजांनी १८३१ मध्ये त्याला नंदगडला फाशी दिली, तिथल्या त्याच्या समाधीपुढे लोक आजही हात जोडतात. राखणदार हा हलका माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नंदगडला जाऊन यावं.

१९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पुढे ग्राम-हुद्दे रद्द करणारा १९६१ चा कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून लागू झाला आणि वंशपरंपरेने चालत आलेली ही कामं संपली. वतनदारीचा जाच गेला हे चांगलंच झालं. पण पेढी, गिरणी आणि गोदामाच्या दारात जो पगारी वाचमन येऊन बसला, त्याचा वाली कोण, हे कुणी ठरवलं नाही.

महाराष्ट्राने ते ठरवलं. १९८१ च्या सुरक्षा रक्षक कायद्याने तिथे मंडळं आली. एजन्सीमार्फत लावलेल्या रक्षकाची नोंदणी, पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा हे मंडळाच्या नजरेखाली आलं. कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातल्या कागलला जायला तासभरही लागत नाही, मध्ये कोगनोळीचा नाका. अलीकडच्या आणि पलीकडच्या रक्षकाची भाषा एक, ड्युटी बारा तासांची, पण पलीकडच्याच्या मागे मंडळ आहे आणि अलीकडच्याच्या मागे फक्त ठेकेदार. सीमाप्रश्नावर एवढं बोललं जातं, त्यात ही गोष्ट मात्र क्वचितच निघते.

केंद्राचा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ सालचा, अंमल मार्च २००६ पासून. कर्नाटकाने त्याखालचे नियम २००८ मध्ये केले. एजन्सीला परवाना सक्तीचा झाला. रक्षकाचं वय १८ ते ६५, पूर्वइतिहासाची पडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक. केंद्राच्या नमुना नियमांत प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर. माजी सैनिकाला ते बरंच कमी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात याचं मोल कळतं, इथल्या किती बँकांच्या दारात निवृत्त जवान उभे आहेत ते बघा. मात्र या कायद्यातली खासगी सुरक्षेची व्याख्या माणसाने केलेल्या राखणीची आहे, त्यात रोकड वाहून नेणारी चिलखती गाडीही धरली आहे. अलार्म बसवणारा तिच्यात कुठे दिसत नाही.

यंत्र कायद्यात आलं ते वेगळ्या दाराने. नोव्हेंबर २०१३ मध्ये बेंगळुरूत एटीएमच्या आत एका महिलेवर कोयत्याने हल्ला झाला. ते चित्रण देशभर दिसलं, तरी हल्लेखोर सापडायला २०१७ उजाडलं. त्याच २०१७ सालचा कर्नाटकाचा सार्वजनिक सुरक्षा (उपाय) अंमलबजावणी कायदा. दुकानं, दवाखाने, शाळा, देवस्थानं, जिथे शंभर माणसं जमतात तिथे सीसीटीव्ही आणि प्रवेशावर नियंत्रण हवं, चित्रण ३० दिवस जपायला हवं. जबाबदारी मालकाची.

हे ३० दिवस जरा मोजून बघू. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या बेताच्या दर्जावर चालला तरी दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी भरतात. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७० च्या पुढे. महिन्याला पाच टीबीहून (एक टीबी म्हणजे हजार जीबी) जास्त जागा लागते. आमच्या पतसंस्थेत तिजोरीच्या खोलीतच, लाकडी फळीवर, चित्रण साठवणारा, धुळीने माखलेला डीव्हीआर आहे आणि आत एक टीबीची डिस्क. सहाव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. बसवणाऱ्याने हे सांगितलं नाही, सांगायला तो बांधील नव्हता. कायदा कानडीत आणि इंग्रजीत; शहापूरच्या सराफाला किंवा खानापूरच्या दुकानदाराला तो मराठीत कुणी समजावला नाही.

शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात २०२५ मध्ये दोन मोठे दरोडे पडले. मे महिन्यात मनगुळीत एका बँकेतून सुमारे ५९ किलो सोनं गेलं आणि अटक झालेल्यांत त्याच शाखेचा माजी मॅनेजर निघाला. सप्टेंबरात चडचणला लष्करी वेशातल्या बुरखाधाऱ्यांनी भरसंध्याकाळी कर्मचाऱ्यांना बांधलं आणि सोनं-रोकड घेऊन ते सोलापूर जिल्ह्यात पसार झाले. त्यांची गाडी मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीत सापडली. आतलाच माणूस फितूर असला की हुटरची किल्ली त्याच्याच हातात असते, आणि दरोडेखोर हद्द ओलांडून गेला की दोन राज्यांच्या पोलिसांना एकमेकांना फोन करावा लागतो.

माझं मागणं साधं आहे. यंत्र बसवणाऱ्याची नोंदणी राज्याने करावी, वर्षातून एकदा सिम, बॅटरी आणि डिस्क तपासल्याचा कागद त्याने सहीनिशी द्यावा, आणि तो कागद सीमाभागात मराठीतही मिळावा.