भरावयाचा फॉर्म (वर्ड प्रोसेसर)

ठरलेला मजकूर जागचा हलू नये आणि भरणाऱ्याला फक्त रिकाम्या रकान्यांत लिहिता यावे, अशा रीतीने वर्ड प्रोसेसरमध्ये केलेला दस्तऐवज. कार्यालयीन मराठीत प्रपत्र किंवा विहित नमुना. बोलताना सगळे फॉर्मच म्हणतात.

कागदी नमुना पाहून टाइप केलेल्या फॉर्मचा नेहमीचा दोष म्हणजे टिंबांच्या रेघा. त्या पेनासाठी ठीक. संगणकावर तिथे टाइप केले की टिंबे पुढे ढकलली जातात, ओळ मोडते आणि सही दुसऱ्या पानावर जाते. त्यापेक्षा तक्ता घालावा, त्याच्या इतर रेघा लपवून फक्त खालची ठेवावी.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये रकान्यांची साधने डेव्हलपर टॅबवर असतात. हा टॅब मुळात लपलेला असतो, तो आधी रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, आणावा लागतो. २००७ च्या आवृत्तीपासून कंटेंट कंट्रोल हे नव्या पद्धतीचे रकाने आले, पण जुन्या पद्धतीचे रकाने, म्हणजे फॉर्म फील्ड, हेही टिकून आहेत. जुन्या ड्रॉप-डाउन यादीत २५ च नावे मावतात. नागपूर जिल्ह्याचे १४ तालुके, काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत, तीत आरामात बसतात. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे बसत नाहीत, तिथे कंटेंट कंट्रोलच हवा. उलट, रकान्यात किती अक्षरे चालतील हे जुन्या फील्डमध्येच सहज ठरवता येते. ४४०००१ सारख्या पिनकोडला ६ ची मर्यादा चोख. नावाला मात्र हात सैल सोडावा, कारण ‘नागपूर’ दिसायला चार अक्षरे असली तरी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय संकेतांत, काना-उकार धरून सहा चिन्हे होतात.

मराठी फॉर्मची खरी डोकेदुखी फॉन्टची. कृतिदेव या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ‘नाव’ तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन यू-के-ओ असे उमटते. शीर्षके कृतिदेवमध्ये आणि रकाने युनिकोडमध्ये असा खिचडी फॉर्म तर करूच नये. सगळा युनिकोडमध्येच टाइप करावा.

शेवटी ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’मधून फक्त फॉर्म भरण्याची मुभा ठेवतात. जुनी फील्ड हे कुलूप लागल्यावरच चालतात, कंटेंट कंट्रोल त्याशिवायही. पासवर्ड दिला तरी ही तिजोरी नव्हे. चुकून हात लागू नये एवढ्यापुरतीच ती आडकाठी. फाइल साचा म्हणून जतन केली की दर वेळी कोरी प्रत उघडते. लिब्रेऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमधला फॉर्म भरता येण्याजोगी पीडीएफ म्हणूनही काढता येतो.