अवांतर गप्पांची खोली : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

चाहत्यांच्या समूहात अवांतर गप्पांना वेगळी जागा द्यावी की नाही, हा वाद जुना आहे. ‘ऑफ-टॉपिक’ या एका पाटीखाली अशा समूहांत दोन निराळ्या गोष्टी ढकलल्या जातात आणि या बाबतीतली बहुतेक भांडणं त्या सरमिसळीतून निघालेली आहेत. मराठीत दोन्हींना स्वतंत्र शब्द आहेत. मालिकेच्या ताज्या भागावर चर्चा चालू असताना नायकाच्या सायकलवरून कुणी गिअरच्या प्रकारांवर गेलं, तर ते विषयांतर. त्याच मंडळींनी मालिकेचं नावही न काढता कुणाची परीक्षा कशी गेली, कुणाचं मांजर बरं झालं का, असं एकमेकांना विचारत बसणं म्हणजे अवांतर गप्पा. विषयांतराला आवरावं लागतं किंवा वेगळा धागा काढून द्यावा लागतो. गप्पांना बसायला जागा लागते. इंग्रजी पाटी एकच असल्यामुळे दोन्हींना एकच नियम लागला आणि तो बहुतेक वेळा विषयांतर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता.

इंटरनेटच्या आधी हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं अमेरिकी मासिक १९२६ साली निघालं. त्यातल्या पत्रांखाली लेखकाचा पूर्ण पत्ता छापला जाई, म्हणून वाचक मासिकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले. १९३७ मध्ये त्यांनी हौशी छपाईमंडळ काढलं. प्रत्येक सभासदाने आपल्या पानांच्या प्रती काढून एका माणसाकडे पाठवायच्या आणि त्याने दर तीन महिन्यांनी सगळ्यांची चळत बांधून सगळ्यांना टपालाने धाडायची. पुढे सभासदसंख्या ६५ वर आणि किमान लेखन वर्षाला ८ पानांवर स्थिरावलं. मागच्या चळतीवरच्या टिप्पण्या हा त्या पानांचा सगळ्यात वाचला जाणारा भाग. त्यात पुस्तकांइतकंच घर, नोकरी, प्रवास असे. विषय सोडला म्हणून कुणी हरकत घेत नसे, कारण पानं ज्याची त्याचीच होती. १९५०च्या दशकात गंभीर, विधायक लेखनासाठी ‘सरकॉन’ असा जोडशब्द निघाला खरा, पण त्यातून उलट हेच कळतं की गप्पा ही सर्वसाधारण रीत होती आणि वेगळं नाव गंभीर लेखनाला द्यावं लागलं.

जागा सामाईक झाली तेव्हा चित्र बदललं. आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावर १९७९ साली विज्ञानकथाप्रेमींची टपालयादी सुरू झाली, म्हणजे एकाने पाठवलेलं ई-मेल यादीतल्या सगळ्यांना पोचे. एकेक पत्र स्वतंत्रपणे सगळ्या पत्त्यांवर पोचवताना यंत्रावर ताण येऊ लागला, म्हणून पत्रं गोळा करून एकत्र पाठवण्याची पद्धत, म्हणजे डायजेस्ट, स्वीकारली गेली. कारण निव्वळ तांत्रिक होतं. पण पत्रं गोळा करायची तर कुणीतरी माणूस मध्ये बसणार, आणि तो बसला की काय आत घ्यायचं आणि काय नाही हेही ठरवणार. मॉडरेटरची खुर्ची अशी यंत्रावरचा भार हलका करण्यातून आली.

यूजनेटवर, म्हणजे यंत्रायंत्रांतून फिरणाऱ्या विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावर, हा पेच पुरता स्पष्ट झाला. १९८६-८७ च्या फेररचनेत गटांची सात मुख्य कुळं ठरली आणि बहुतेक छंदांचे गट ‘रेक’ या कुळात गेले. त्या सात कुळांत नवा गट काढायचा तर आधी जाहीर चर्चा, मग मतदान. होकार नकारांपेक्षा किमान १०० ने जास्त हवेत, आणि नंतरच्या नियमांनुसार एकूण मतांच्या दोन-तृतीयांशही हवेत. कुठल्यातरी दहा-पंधरा मित्रांच्या गप्पांसाठी एवढी मतं कोण देणार? १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल्ट’ कुळात मतदान लागत नसे, पण तिथला गट वाहून न्यायचा की नाही हे प्रत्येक यंत्राचा चालक ठरवी. त्यामुळे निम्म्या मित्रांना तो दिसे आणि निम्म्यांना नाही. गप्पा मूळ गटातच राहिल्या आणि त्यांना वागवण्याचे रिवाज तिथेच घडले.

विषयाच्या ओळीच्या सुरुवातीला ‘ओटी:’ लिहायचं, म्हणजे ज्याला नको तो आपल्या किलफाइलमध्ये (नको असलेले लेख गाळण्याच्या यादीत) ती अक्षरं घालून सगळा धागा गाळू शके. बोलणं सरकलं की ओळ बदलायची आणि जुना विषय ‘वॉज:’ लिहून कंसात ठेवायचा. इथे एक खाच होती. धागा जुळवणारे वाचक प्रोग्राम विषयाच्या ओळीवर विसंबत नसत. ते ‘रेफरन्सेस’ या शीर्षओळीतल्या (लेखाच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळीतल्या) मागच्या लेखांच्या ओळखखुणा पाहत. म्हणून नाव बदलूनही लेख जुन्याच झाडाच्या फांदीवर दिसे आणि ज्याने जुना धागा गाळला होता त्याला नवाही दिसत नसे. तिसरा उपाय ‘फॉलोअप-टू’ ही शीर्षओळ. तिच्यात दुसऱ्या गटाचं नाव घातलं की पुढची सगळी उत्तरं तिकडे जात. पण उत्तर देणाऱ्याने ती ओळ पाहिली नाही, तर त्याचा लेख तो कधी न वाचणाऱ्या गटात पडे आणि आपलं लेखन कुणीतरी पुसलं असं त्याला वाटे. सूचना न देता ही ओळ घालणं म्हणूनच असभ्य मानलं गेलं. ती घातली असेल तर लेखाच्या मजकुरातही तसं लिहायचं, असा दंडक पडला.

ऑक्टोबर १९९५ मधल्या आरएफसी १८५५ या शिष्टाचारपत्रात विषय सोडून भटकू नका, असं सरळ सांगितलेलं आहे. तो सल्ला टपालयाद्या आणि यूजनेटच्या गटांसाठी सरसकट होता. चाहत्यांच्या गटाला तो तांत्रिक गटासारखाच लावणं ही चूक होती, कारण तांत्रिक गटात माणूस उत्तर घेऊन निघून जातो, चाहत्यांच्या गटात तो वर्षानुवर्षं बसतो. विज्ञानकथेच्या चाहत्यांपैकी काहींनी यातून फार सुंदर वाट काढली. ‘फॅंडम’ (चाहतेवर्ग) याच नावाचा वेगळा गट मंजूर झाल्यावर तिथे चाहते हाच विषय ठरला. मग चाहते आपसात जे बोलतील ते विषयाला धरूनच! विषयांतर आणि अवांतर यांतला फरक इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी ओळखला असेल.

त्याच सुमाराला एक गोष्ट कायमची बदलली. १९९५ पासून यूजनेटचे लेख साठवून शोधता येऊ लागले. चार दिवसांत यंत्रावरून पुसलं जाईल या भरवशावर लिहिलेलं आजारपणाचं, घटस्फोटाचं बोलणं नाव टाकून सापडू लागलं. ‘एक्स-नो-आर्काइव्ह: यस’ ही शीर्षओळ घातली तर लेख साठवला जात नसे, पण उत्तर देणाऱ्याने मजकूर उद्धृत केला आणि स्वतः ती ओळ घातली नाही, तर तो त्याच्या लेखातून साठ्यात जाई. गप्पांची जागा केवळ सभासदांना दिसावी, ही मागणी इथून जोर धरू लागली.

जपानमध्ये मे १९९९ मध्ये सुरू झालेल्या एका निनावी चर्चामंचाने तिसरीच रीत पाडली. तिथे एका धाग्यात १००० नोंदी झाल्या की तो बंद होतो. अवांतर गप्पांचे धागे म्हणून क्रमांकाने चालत आणि पुढचा धागा ९५० वी किंवा ९८० वी नोंद करणाऱ्याने काढायचा, असे ज्या त्या धाग्याचे नियम असत. नोंद करताना ई-मेलच्या चौकटीत ‘सागे’ लिहिलं की धागा यादीत वर चढत नसे. गप्पा चालूही राहत आणि मूळ विषयांच्या धाग्यांना खालीही ढकलत नसत. नियम मोडणाऱ्याला हाकलण्यापेक्षा हा उपाय कितीतरी शहाणा आहे.

बाकी ठिकाणी २००० नंतरच्या चर्चामंचांवर तो वादग्रस्त निर्णय घेतला गेला: गप्पांसाठी वेगळा विभाग. चर्चामंच चालवणाऱ्या पीएचपीबीबीसारख्या प्रणालीत नवा विभाग उघडणं हे पाच मिनिटांचं काम होतं, म्हणून तो जवळजवळ सगळीकडे निघाला, आणि त्याबरोबर नव्या अडचणीही. पहिली अडचण पोस्टसंख्येची. सभासदाच्या नावाखाली आकडा आणि आकड्यावरून हुद्दा दिसत असल्यामुळे गप्पांच्या विभागात एका शब्दाच्या पोस्टी टाकून लोक हुद्दे वाढवू लागले. त्यावर विभागापुरती मोजणी बंद करण्याची सोय आहे, पण ती फक्त नव्या पोस्टींना लागते. आधीच्या मोजलेल्या राहतात. सुरुवातीलाच बंद न केल्यास जुन्यांचे फुगलेले आकडे आणि नव्यांची तक्रार, दोन्ही कायम राहतात. दुसरी अडचण मुखपृष्ठावरच्या ताज्या पोस्टींच्या यादीची. गप्पांचा विभाग त्यातून वगळला नाही, तर यादी भरून जाते आणि मूळ चर्चा दिसेनाशी होते. वगळला तर नव्या माणसाला त्या विभागाचा पत्ताच लागत नाही आणि तिथे जुन्यांचा घट्ट कंपू तयार होतो. यादीतून वगळून मुखपृष्ठावर विभागाचं नाव ठळक ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा मध्यममार्ग.

तिसरी अडचण हलवाहलवीची, आणि सगळ्यात जास्त मनं इथे दुखावली गेली. चालू धाग्यातल्या भरकटलेल्या पोस्टी उचलून गप्पांच्या विभागात टाकायच्या तर क्रम असा हवा: आधी धाग्यात सूचना, मग बोलणं नेमकं जिथून वळलं ती पोस्ट शोधणं, तिथपासूनच्या पोस्टी निवडून नव्या धाग्याला पुरेसं सांगणारं नाव देणं, आणि जुन्या जागी दुवा ठेवणं. अर्धं विषयावर आणि अर्धं बाहेर असलेलं उत्तर जागेवरच राहू द्यावं, नाहीतर त्यातल्या उद्धरणांना मागचापुढचा संदर्भ उरत नाही. उचललेल्या पोस्टी आधीच चालू असलेल्या धाग्यात मिसळणं तर टाळावंच. पोस्टी वेळेच्या क्रमाने लागतात, त्यामुळे एका संभाषणाची उत्तरं दुसऱ्याच्या मध्ये जाऊन पडतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत. मुळात हे काम विषयांतरासाठी आहे. कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि चार जणांनी आभार मानले, तर ते चार ओळींत आपोआप संपतं. ते उचलून हलवलं की शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि गप्पांचा विभाग चांगल्या मनाने उघडलेला असूनही अडगळीची खोली होऊन बसतो.

त्याच क्षणी बोलणं-उत्तर चालणाऱ्या चॅटमध्ये वाद सौम्य राहिला. फिनलंडमधल्या औलू इथे १९८८ साली निघालेल्या आयआरसी या चॅटप्रणालीत मागचं बोलणं साठत नसे. उशिरा येणाऱ्याला आधीची ओळ दिसतच नाही, तर तक्रार कशाची करणार? चॅनेलच्या नावापुढे ‘-ओटी’ लावून जोडचॅनेल काढण्याची पद्धत तिथली. २०१५ साली आलेल्या डिस्कॉर्ड या चॅटसेवेने चॅनेलं तशीच ठेवली, पण इतिहास साठवला आणि चर्चामंचाचे जुने प्रश्न चॅटमध्ये आले. त्यावरची साधनं एकेक करून मिळाली: दोन संदेशांत ५ सेकंद ते ६ तासांचं अंतर सक्तीचं करणारा स्लो मोड, २०२१ मध्ये धागे, २०२२ मध्ये चर्चामंचासारखी चॅनेलं. धागा शांत राहिला की १ तास, १ दिवस, ३ दिवस किंवा १ आठवड्यानंतर आपोआप आवरला जातो. गप्पांसाठी १ तासाची मुदत फार कमी पडते, कारण वेगवेगळ्या कालविभागांतली माणसं झोपून उठेपर्यंत धागा नजरेआड होतो. स्लो मोडही गप्पांच्या चॅनेलात लावू नये. त्याने विषयांतर थांबतं, पण बोलण्याची लयही तुटते.

गप्पांच्या या खोलीत आज सर्वात जास्त बिघडतं ते स्पॉयलरवरून, म्हणजे न पाहिलेल्या भागाचं कथानक आधीच फोडण्यावरून. मुख्य चॅनेलात नवा भाग आल्यावर ठरलेल्या मुदतीपर्यंत बोलायचं नाही हे सगळे पाळतात, आणि मित्रांत आहोत म्हणून गप्पांत शेवट सांगून टाकतात. ज्याने भाग पाहिलेला नाही तो मुख्य चॅनेल टाळून नेमका इथेच येऊन बसलेला असतो. म्हणून स्पॉयलरचा नियम गप्पांच्या चॅनेलात अधिक कडक लागतो: मुदत संपेपर्यंत तिथे कलाकृतीचा विषयच काढायचा नाही, झाकलेल्या (टिचकी मारल्यावरच दिसणाऱ्या) मजकुरातही नाही, कारण झाकलेल्या ओळीला दिलेली उघडी उत्तरं गुपित फोडतात.

मालिका संपते, खेळाचे नवे भाग येणं थांबतं, तेव्हा आधी मुख्य चॅनेलं ओस पडतात. अशा वेळी चालकांनी ती पुसू नयेत. लिहिण्याची परवानगी काढून वाचण्यापुरती ठेवावीत, सगळी एका गटात खाली सरकवावीत आणि गप्पांचं चॅनेल सगळ्यात वर आणावं. नव्या सभासदाला आत आल्यावर आधी तेच दिसेल अशी मांडणी करावी. माणसं अजून तिथेच बोलत असतात.