ऑफिसचा आयपी घरी का चालत नाही?

वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही. ऑफिसचा लॅपटॉप घरी आणल्यावर असं झालं, तर पहिला संशय स्टॅटिक आयपीवर, म्हणजे हाताने भरलेल्या, न बदलणाऱ्या नेटवर्क पत्त्यावर घ्यावा. समजा, ऑफिसमध्ये १०.०.५.४० हा पत्ता आणि १०.०.५.१ हा गेटवे (बाहेरच्या नेटकडे नेणारा राउटर) हाताने भरला आहे. घरचा राउटर असतो १९२.१६८.१.१ वर. लॅपटॉप बाहेर जाण्यासाठी १०.०.५.१ ला हाका मारत बसतो आणि घरी त्या पत्त्यावर कुणीच नसतं.

दोन्हीकडे डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ता देणारी सोय, असेल तर काहीच बदलावं लागत नाही. राउटर पत्ता, गेटवे, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) सगळं स्वतःच देतो. अडचण येते ती एका जागी स्टॅटिक लागतो तेव्हा. वायरच्या जोडणीसाठी विंडोजमध्ये यावर जुनी, पण फारशी कुणी न वापरलेली सोय आहे. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' उघडा आणि पत्ता ऑटोमॅटिक ठेवा. तसं केलं तरच 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' हा टॅब दिसतो. तिथे 'यूजर कॉन्फिगर्ड' निवडून ऑफिसचे आकडे भरा. डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही की लॅपटॉप हे आकडे वापरतो. त्याआधी तो थोडा वेळ वाट पाहतो, म्हणून केबल लावल्या लावल्या नेट आलं नाही तर घाई करू नका. मात्र ऑफिसमध्येही डीएचसीपी चालू असेल, तर या टॅबला कधीच संधी मिळत नाही.

वायफायचं काम सोपं आहे. विंडोज ११ मध्ये 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मधून ऑफिसचं नेटवर्क उघडून 'आयपी असाइनमेंट' मॅन्युअल करा. ते त्या नेटवर्कपुरतंच राहतं. मॅकवर 'लोकेशन' नावाची सोय आहे: 'घर' आणि 'ऑफिस' असे दोन संच करून मेनूतून बदलता येतात.

आयपी बरोबर असूनही नावाने साइट उघडत नसेल, तर ऑफिसचा डीएनएस मागे राहिला असण्याची शक्यता मोठी. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीचं उत्तरच आलेलं नाही. आधी केबल आणि राउटर पाहा, सेटिंगला हात नंतर.

सगळ्यात जास्त छळते ती प्रॉक्सी, म्हणजे नेटवर जाताना मध्ये लागणारा ऑफिसचा सर्व्हर. विंडोजमध्ये हाताने भरलेली प्रॉक्सी नेटवर्क बदललं तरी तशीच राहते. ऑफिसने ऑटोमॅटिक सेटअप स्क्रिप्ट (प्रॉक्सी कधी वापरायची ते सांगणारी फाइल) दिली असेल तर ती वापरावी. नाहीतर घरी आल्यावर 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' हाताने बंद करणं आलंच.