खुबा गुपचूप सरकतो

सेरेब्रल पाल्सीत इजा मेंदूला झालेली असते, त्यामुळे स्नायू ताठ होतात आणि हालचाली बिघडतात; पण ही इजा पुढे वाढत नाही. मग पायांना प्लास्टर नाही, मूल रडत नाही, तरी डॉक्टर खुब्याचा एक्स-रे का सांगतात? कारण इजा थांबली तरी मूल वाढत असतं.

तान्ह्या बाळाची खुब्याची वाटी उथळ असते. मांडीच्या हाडाची मान पुढे पिळलेली असते. बाळ उभं राहतं, धडपडतं, अंगाचा भार पडत जातो, तसा पीळ उतरतो आणि वाटी खोल होते. जे मूल उभंच राहिलं नाही, त्याचा खुबा बराचसा तान्ह्या बाळासारखाच राहतो. त्यात मांड्या आत ओढणारे स्नायू कायम ताठ, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. त्या ओढीने मांडीच्या हाडाचा वाटीत बसणारा गोळा तसूतसूने बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळतही नाही. लंगोट बदलताना मांड्या फाकेनाशा होतात, तोवर उशीर झालेला असू शकतो.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या 323 मुलांची पाहणी झाली. एकूण 35 टक्के मुलांचे खुबे सरकलेले निघाले. जवळजवळ इतर मुलांसारखं चालणाऱ्यांत एकही नाही. मानही नीट धरता न येणाऱ्यांत मात्र 10 पैकी 9!

दक्षिण स्वीडनने 1994 पासून अशा मुलांचे एक्स-रे ठरावीक अंतराने काढायला सुरुवात केली. गोळ्याचा किती टक्के भाग वाटीबाहेर आहे, एवढंच मोजायचं. तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला की सावध व्हायचं; वाढतच राहिला तर लहान वयात ताठ स्नायू सैल करायचे, नाहीतर हाड कापून त्याचा कोन बदलायचा. पूर्वी 100 पैकी आठ-नऊ मुलांचे खुबे पूर्ण निखळत. तिथे हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आलं.

बोटॉक्सच्या इंजेक्शनने (होय, सुरकुत्यांसाठी वापरतात तेच) ताठरपणा तीन-चार महिने कमी होतो, पण सरकणारा खुबा त्याने थांबत नाही. मालीशनेही नाही.

एक्स-रे काढताना मूल वाकडं झोपलं तर टक्केवारी चुकते, म्हणून आईबाबांनी मुलाला सरळ धरायला मदत करावी. आणि जुन्या फिल्म टाकू नयेत. यंदाचे 28 टक्के पाहून डॉक्टरांना फारसं कळत नाही. गेल्या वर्षी ते 15 होते, हे कळलं की पुढची तारीख लवकरची मिळते.