दुखतंय अंग, मग गोळी नैराश्याची का?

कोल्हापुरात अंगदुखीला शब्द कमी नाहीत. अंग आंबलंय, ठणका लागलाय, कळा मारतात. तालमींच्या या गावात पहिला उपाय तेल लावून रगडण्याचा. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर महिनोन्‌महिने राहणारं दुखणं, असलेल्या बाईला मात्र ते रगडणंच सोसत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. शेवटी डॉक्टर अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन लिहून देतात. घरातलं कुणीतरी मोबाईलवर ते नाव शोधतं, ‘नैराश्यावरचं औषध’ असं वाचून दाखवतं आणि ती विचारते, “म्हंजे मला काय येड लागलंय व्हय?” गोळी तशीच पडून राहते. मला हे फार लागतं, कारण या गोळीमागचा इतिहास तिला कुणी सांगितलेलाच नसतो.

1904 मध्ये इंग्लंडच्या विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं, म्हणजे स्नायूंमधल्या तंतूंचा दाह. पण पुढे शोधूनही तो दाह काही सापडला नाही. 1975 मध्ये टोरांटोत हार्वे मोल्डोफ्स्की आणि ह्यू स्माइथ यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप रात्रीमागून रात्र मोडली, तेव्हा त्यांचंही अंग दुखू लागलं. पुढच्याच वर्षी ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव आलं आणि त्यातून दाह वगळला गेला. मोल्डोफ्स्की झोपेच्या मागावरून ट्रिप्टोफॅनपर्यंत, म्हणजे शरीर ज्यापासून सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवतं त्या घटकापर्यंत पोचले.

सेरोटोनिनचा मनाशी संबंध असेल, हे सुरुवातीला कुणाच्या डोक्यातही नव्हतं. इटलीत एर्स्पामर यांना ते आतड्याच्या अस्तरात मिळालं. 1948 मध्ये क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तद्रवातून ते वेगळं केलं. तिथं शोध रक्तवाहिन्या आवळणाऱ्या पदार्थाचा चालला होता. मेंदूत ते असल्याचं बेटी ट्वारॉग आणि पेज यांनी 1953 मध्ये दाखवलं. आजही शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन पोटातच असतं.

यात आपल्याकडचा धागाही आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे जगापुढे मांडलं. सह्याद्रीतही उगवणारी हीच ती वनस्पती. तिच्यातून रेसरपीन निघालं आणि 1955 मध्ये कळलं, की ते मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना रेसरपीन दिलं, तर नुसत्या स्पर्शानेही त्यांना वेदना होऊ लागल्या, आणि त्या कितीतरी दिवस टिकल्या. त्यात सेरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन ही निरोप पोचवणारी दुसरी रसायनंही घटलेली होती.

इथं खरी गोष्ट उलगडते. मेंदूच्या तळापासून मणक्यातल्या मज्जारज्जूकडे चेतातंतू उतरतात आणि वर येणाऱ्या वेदनेला आवर घालतात. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या वाटेवरचे निरोपे. सेरोटोनिन तर कधी वेदना दाबतं, कधी वाढवतंही. म्हणून ‘सेरोटोनिन कमी पडलं की दुखतं’ हा हिशेब फार सोपा झाला. ‘आनंदाचं रसायन’ या बिरुदाने तर रुग्णांचं नुकसानच केलं असं माझं मत आहे. नुसतं सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या या दुखण्यात फिक्या पडतात. दोन्ही निरोप्यांवर काम करणारं ड्युलोक्सेटीन काहींना उपयोगी पडतं, आणि तेही नैराश्य नसलेल्यांनासुद्धा. अमेरिकेत फायब्रोमायल्जियासाठी त्याला 2008 मध्ये मान्यता मिळाली. अमिट्रिप्टिलीन तर 1986 पासून यासाठी अभ्यासलं गेलंय, नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा बरंच कमी मात्रेत.

गंगावेशीतलं धारोष्ण दूध पिऊन सेरोटोनिन वाढेल का, असंही विचारतात. दुधात ट्रिप्टोफॅन असतं, पण मेंदूत शिरताना त्याला दुधातल्याच इतर अमिनो आम्लांशी चढाओढ करावी लागते. दूध आवडीने प्यावं, औषध म्हणून नको. रंकाळ्याभोवती झेपेल तेवढं चालणं, हळूहळू वाढवत नेलेलं, जास्त कामाचं: 2017 च्या युरोपीय मार्गदर्शनात ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला.

एक मात्र विसरू नये. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीसुद्धा सेरोटोनिन वाढवते. ड्युलोक्सेटीन चालू असताना ती परस्पर घेतली, तर थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं असा धोकादायक त्रास होऊ शकतो. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, आणि चालू गोळी अचानक बंद करू नये.