नेम सर्व्हर निवडताना पोर्टचा आकडा पाहा

'चालतंय ना, मग हात लावू नका.' नेम सर्व्हरबद्दल हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. का, ते २००८ सालच्या एका हल्ल्यावरून कळतं.

इंटरनेटवरच्या नावावरून आकडी पत्ता शोधणारा नेम सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला विचारताना प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक लावतो. उत्तरावर तोच क्रमांक असला की ते खरं धरतो. क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. खोटं उत्तर घुसवायचं तर खरं येण्याआधी हा आकडा जुळला पाहिजे. हुकला, तर खरं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, जाऊन बसतं आणि त्याची मुदत संपेपर्यंत दुसरी संधी नाही. सगळे याच भरवशावर होते.

२००८मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने ही मुदतच निकालात काढली. त्याने सर्व्हरला अस्तित्वात नसलेली नावं विचारायला लावली: त्याच डोमेनखालचं क१, मग क२, मग क३. कॅशमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून प्रत्येक नावासाठी शर्यत नव्याने लागते. शिवाय खोट्या उत्तरालाच शेपूट जोडलेलं: 'या डोमेनचं सगळं अमुक सर्व्हरला विचारा, त्याचा पत्ता हा.' एकदा आकडा जुळला की अख्खं डोमेन हल्लेखोराच्या हाती!

उपाय म्हणून दर प्रश्न अंदाज न येणाऱ्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून, पाठवायला सुरुवात झाली. क्रमांक आणि पोर्ट मिळून शक्यता चार अब्जांच्या घरात गेल्या. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीजेबीडीएनएस या नेम सर्व्हरमध्ये ही सोय कितीतरी आधीपासून होती. तरी आज मी ते बसवणार नाही, कारण त्याची १.०५ ही आवृत्ती २००१ची आणि त्यानंतर नवी आलीच नाही. २०२४मध्ये 'कीट्रॅप' ही त्रुटी उघड झाली. डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरं असल्याची खूण पटवणाऱ्या डिजिटल, सह्या तपासणारा सर्व्हर एका पॅकेटने अडकवता येत होता. बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस या नेम सर्व्हरांचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, लगेच आले, कारण तिथे काम करणारी माणसं आहेत.

आवृत्तीचा क्रमांक लपवला की सर्व्हर सुरक्षित होतो, हा मात्र निव्वळ गैरसमज. हल्लेखोर क्रमांक न विचारताच हल्ला करून पाहतो.

माझी पसंती अशी: स्वतःच्या डोमेनची उत्तरं द्यायला एनएसडी, नावं शोधायला अनबाउंड. दोन्ही एनएलनेट लॅब्ज या संस्थेची, दोन्हींची कामं वेगळी. बाइंड दोन्ही करतं. ते घेतलंत तर परक्यांसाठी नावं शोधून देणं बंद ठेवा.

बसवल्यावर फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूने टीसीपीडंप, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावा. पोर्ट ४१८७३, १०५६२, ५८२२० असे विखुरलेले दिसले तर ठीक. १०२५, १०२६, १०२७ असे ओळीने दिसले, तर पत्ते बदलणारं मधलं उपकरण ही सगळी मेहनत पुसून टाकतंय.